नववं बोट

आमच्या घरात दोन पेट्या होत्या. धाकटी म्हणजे बाबांची हार्मोनियम आणि थोरली म्हणजे पियानो. ही नावं आईनं ठेवलेली. पियानो हा शब्द तिला यायचा, चांगला यायचा, पण जी वस्तू आपली बाज व्हरांड्यात हाकलून खोलीतली निम्मी जागा अडवून बसली तिला परक्या नावानं हाक मारायची तिची तयारी नव्हती. शरणपूरला मिशनच्या शाळेत बाबा गणिताचे मास्तर. शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तिथला पियानो "दोन-तीन महिन्यांपुरता" आमच्याकडे ठेवला. देवळालीच्या छावणीतल्या कुणा साहेबाची मडम विलायतेला परत जाताना तो शाळेला देऊन गेली होती. छप्पर दुरुस्त झालं, पुन्हा गळलं, पुन्हा दुरुस्त झालं, पण थोरली न्यायला कोणी आलं नाही. तिला आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली होती. ती परत बसवताना जरा वाकडी बसली, आणि आम्ही ते घर सोडेपर्यंत दार लावायला प्रत्येकाला खांदा द्यावा लागायचा.

आईनं पहिल्याच दिवशी थोरलीचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, वर रॉकेलचे दोन-दोन थेंब. फडताळाला मुंग्या लागू नयेत म्हणून जे करायचं तेच हिलाही. "लाकूड ते लाकूड," ती म्हणायची, "त्याला वाळवी विचारत नाही, तू विलायतेची का नाशकाची." माथ्यावर तिनं कैरीच्या लोणच्याची बरणी ठेवली, कारण घरात मांजराच्या उडीबाहेरची तेवढी एकच जागा होती. ही बरणी लक्षात ठेवा. खालच्या जाड सुरांच्या पट्ट्या दाबल्या की बरणीचं झाकण थरथरायचं, आणि माझ्या बहिणीनं तेराव्या वर्षी रचलेल्या दुसऱ्या तुकड्यात जो एक मोठा थांबा आहे तो त्या झाकणाचा आवाज विरेपर्यंतचा आहे. पुढे मोठमोठ्या लोकांनी तो थांबा वाजवला. बरणीशिवाय वाजवला, त्यामुळे त्यात काही राम नाही असं माझं मत आहे.

माझी बहीण करुणा. घरात करू. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, रंगानं बाबांवर आणि हट्टानं आईवर गेलेली. बोलणं मोजकं. जेवायला बसली की भाकरी हातात तशीच, आणि डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चाललेली. आई ओरडायची, "अगं, ताट आहे ते, तबला नाही!" शाळेतल्या मिससाहेबांनी आम्हा दोघींना थोरलीवर शिकवायला घेतलं. सहा महिन्यांनी त्यांनी मला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "सुमित्रा, तुझं अक्षर फार सुंदर आहे." मी समजायचं ते समजले. त्यानंतर मिससाहेब शिकवायच्या ते करूला, आणि मी बाजूला बसून पेन्सिलींना टोक काढायची. दोन वर्षांनी त्या रजेवर मायदेशी गेल्या त्या परत आल्या नाहीत. जाताना स्वरलिपीची पुस्तकं ठेवून गेल्या, आणि करू एकटीच शिकायला लागली. शिकायला म्हणजे काय, मनचं वाजवायला लागली.

मनचं म्हणजे आमच्या अवतीभवतीचंच सगळं. सकाळी देवळालीच्या बाजूनं तोफांचा सराव चालायचा, धुम्म करून आवाज यायचा आणि एका श्वासानं मागून खिडकीचं तावदान वाजायचं. करूनं ते घेतलं. गावात आत्याकडे जाताना तांबट आळीतून जावं लागे, तिथं वीस माणसं वीस हातोड्या चालवत बसलेली, कुणाचा घाव कुणाशी जुळत नाही आणि तरी मध्येच एकदा सगळे एकदम पडतात. तेही घेतलं. आईचं जातं, शेवया वळताना पाटावर पडणारा तिचा तळवा, उस्मानचाचांचा टांगा. असे सात तुकडे झाले, प्रत्येक दोन-तीन मिनिटांचा. बाबा ऐकताना डोळे मिटून घ्यायचे. आई कामात असायची, पण जात्याचा तुकडा लागला की म्हणायची, "हळू दळ गं, पीठ जाडं येतंय." आणि करू खरंच हळू करायची.

आता माझं काम सांगते, कारण हे प्रकरण त्याचंच आहे. करूचं अक्षर म्हणजे कोंबडीनं चिखलातून पळत जावं तसं. तिनं काढलेल्या खुणा दुसऱ्या दिवशी तिच्या तिला लागायच्या नाहीत. म्हणून लिहिणारी मी. पाच ओळींचा कागद नाशकात कुठे मिळायचा? बाबांच्या कोऱ्या ताव-कागदांवर आखणीपट्टी धरून मी पाच-पाच ओळी मारायची, दौतीत टाक बुडवून तिळाएवढे गोल सूर भरायची, त्यांना शेपट्या काढायची. शेवटी बोटांचे आकडे. पियानोवाल्यांची एक रीत आहे, कुठला सूर कुठल्या बोटानं दाबायचा ते वर बारीक आकड्यानं लिहायचं. अंगठा एक, तर्जनी दोन, असं करत करंगळी पाच. करू थोरलीवर हात ठेवून सांगायची, "एक, तीन, पाच, परत एक, चार," आणि मी लिहायची. अक्षराला शाळेत बक्षीस मिळालेली मुलगी मी, माझे आकडे मोत्यासारखे. आज माझा हात इतका कापतो की माझी सही माझ्याच सहीशी जुळत नाही, पण त्या वेळी शेजारणी आपल्या मुलींना माझी वही दाखवायला न्यायच्या.

त्या साली बाबांच्या कानावर आलं की मुंबईत एक मडम पियानो शिकवते. युरोपातून आलेली, फार मोठी वाजवणारी, आणि दर वर्षी एक मुलगी ती आपल्याकडे ठेवून घेऊन शिकवते. बाबांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. सोबत करूचे सातही तुकडे माझ्या अक्षरात. बाबांनी ते सगळे कागद मन लावून तपासले, वहीच्या शेवटी करायचे तशी बारीक सही करणार होते, आईनं हात धरला. कापडात शिवून पुडकं पोस्टात पडलं, आणि आमच्या घरातल्या चौघांचा जीव त्या पुडक्यात जाऊन बसला. करू वरवर दाखवायची नाही. पण पोस्टमनची घंटा रस्त्याच्या टोकाला वाजली की वाजवता वाजवता तिचा हात थांबायचा.

माझं मन मात्र सरळ नव्हतं. ती जावी असं मला वाटायचं, देवाशप्पथ वाटायचं. आणि ती गेली तर मी कुणाचं लिहू, संध्याकाळी कुणाच्या शेजारी बसू, हेही वाटायचं. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात दोन्ही गोष्टी सुखानं राहतात.

पत्र आलं ते मे महिन्यातल्या एका सोमवारी. बाबांनी उभ्यानंच वाचलं आणि मग बाजेवर बसले. करू म्हणाली, "मोठ्यानं वाचा." बाबांनी मराठी करत करत वाचलं. मडमेनं लिहिलं होतं की मुलीच्या डोक्यात संगीत आहे हे दिसतं, परंतु तिनं पियानोला कधी हात लावला असेल असं वाटत नाही. कारण लिहिल्याप्रमाणे वाजवायचं तर माणसाला आठवं आणि नववं बोट हवं. मला देवानं एका हाताला पाचच दिली आहेत. ही कुणाची थट्टा असेल तर मला थट्टेला वेळ नाही, आणि थट्टा नसेल तर वाईट वाटतं. बस्स, एवढंच. खाली सही.

"नववं बोट?" आई म्हणाली. "बाई ठीक आहे ना?"

बाबांनी पत्र उलटसुलट केलं. कागद आमच्याकडे नव्हते, ते मडमेकडे. करूच्या कच्च्या खुणांवर आकडे नव्हतेच. कुणालाच काही उमगेना. करू उठली, थोरलीचं झाकण लावलं, आणि आईला म्हणाली, "शेवया वाळवायला जागा नाही म्हणत होतीस ना? यावर ठेव." आजवर त्या झाकणावर टाचणी ठेवली तरी ती भांडायची. आईनं शेवयांचं सूप आणून झाकणावर ठेवलं, आणि ते ठेवताना तिचे डोळे भरले होते. आणि मी? मला रडू आलं, पण त्या रडण्याच्या खाली कुठेतरी एक थेंबभर बरं वाटलं. करू आता कुठे जात नाही. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता माझं वय झालं, आता काय लपवायचं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी आणि आई बाजाराला निघालो ते उस्मानचाचांच्या टांग्यातून. उस्मानचाचा आमच्या रस्त्याचे नेहमीचे टांगेवाले, आणि त्यांची घोडी बिजली. नाव बिजली, चाल बैलाची, त्यात डावा मागचा पाय किंचित लंगडा. चाचांना बोलायला श्रोता लागायचा, उत्तर नाही दिलं तरी चालायचं.

"काय सांगू मास्तरीणबाई," चाचा म्हणाले, "काल मजाच झाली. तो गोरा सोल्जर नाही का, परवा छावणीत सोडला त्याला, टोपी विसरला माझ्या टांग्यात. काल अड्ड्यावर येऊन सगळ्यांना विचारतो, एटी-नाइन नंबर किधर है, एटी-नाइन! सगळे टांगेवाले हसतात. अरे, अड्ड्यावर साठ टांगे नाहीत, एकोणनव्वद कुठनं आणू? शेवटी मीच टोपी घेऊन गेलो, तर माझ्या पाटीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, धिस, धिस, एटी-नाइन!"

मी वळून टांग्याच्या पाटीकडे पाहिलं. नवीन रंगवलेली, निळ्यावर पांढरं. ४१.

चार आणि एक. गोऱ्याला दिसले आठ आणि नऊ.

चाचांनी करवंदांचा द्रोण पुढे केला, "घे बेटी," तर मी मान हलवली. करवंदांना मी नाही म्हणाले हे पाहून आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. माझा मोत्यासारखा एक, त्याला वर तो सुबक गोल वळसा आणि खाली शेपटी. विलायतेचा नऊ याहून वेगळा काय असतो? आणि माझा चार, खाली गाठ मारलेला. करू तोंडानं सांगत गेली, मी शाळेत लिहायची तसे लिहीत गेले. बाबांनी तपासलं, त्यांनाही काही खटकलं नाही, कारण आमच्या घरात दोन्ही आकडे एकाच डोळ्यानं वाचायचे. पाच ओळी विलायतेच्या, सूर विलायतेचे, पत्र इंग्रजी, आणि माथ्यावर आकडे मराठी. मडमेनं बिचारीनं दुसरं काय वाचायचं?

घरी जाऊन लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. आधी वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, बाबा घरी आल्यावर. मग वाटलं, आता सांगून तरी काय, मडमेनं नाही म्हटलंच आहे. माझ्या अक्षरानं केलं हे तोंडातून निघेना, आणि त्यातच ते मेलं थेंबभर बरं वाटणंही आत वळवळत होतं. पोट दुखतं म्हणून पडून राहिले. आईनं ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं. करू माझ्या उशाशी बसून कैरीच्या फोडीला मीठ लावून देत होती. ती कैरी कशी गिळली माझं मला माहीत.

गुरुवारी संध्याकाळी आई चूल पेटवायला बसली. शेणी ओल्या होत्या, नुसता धूर. करूनं फडताळाच्या वरून कागदांची गुंडाळी काढली आणि आईच्या हातात दिली. "हे घे. वाळलेले आहेत." आईनं न बघता वरचा कागद पेटवायला धरला. तो टांग्याचा कागद होता, करूच्या कोंबडीपायांचा. कोपरा पेटलासुद्धा.

मी बाजेवरून उठले कशी आणि चुलीपर्यंत पोचले कशी मला आठवत नाही. कागद हिसकावला आणि तळव्यानं विझवला. आई किंचाळली, "अगं, हात भाजेल! पोट दुखतंय ना तुझं?"

"नऊ नाही!" मी ओरडले. "तो नऊ नाही, एक आहे! माझा एक आहे! माझं चुकलं!"

घरातल्या सगळ्यांना वाटलं दुखणं डोक्यात गेलं. बाबांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग मी पाटी घेतली आणि एक काढला, चार काढला, चाचांच्या सोल्जरची गोष्ट सांगितली. बाबांनी पाटी हातात धरली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या एकावरून बोट फिरवलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी तपासलं होतं. वीस वर्षं मी आकडेच तपासतोय."

आईनं फुंकणी खाली ठेवली. "धन्य आहे! दोन शिकलेली माणसं घरात, आणि एकाला एक लिहिता येत नाही आणि दुसऱ्याला एक वाचता येत नाही!" तेवढं बोलून ती जी हसायला लागली ती डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मग बाबा हसले, मग मी रडत रडत हसले. करू मात्र हसली नाही. तिनं माझा तळवा उलटा करून पाहिला, कुठे भाजलंय ते, आणि त्यावर खोबरेल लावलं.

बाबा म्हणाले, उद्याच पत्र टाकतो. आईनं मडमेचं पत्र उचलून त्यांच्यापुढे नाचवलं. "इंग्रजी मला येत नाही, पण हा वरचा पत्ता तरी वाचा. मुंबईचा आहे का?" पत्ता देवळालीचा होता. मडमेला दम्याचा त्रास, उन्हाळ्यात हवा खायला ती देवळालीला येऊन राहिली होती, आमचं पुडकं मुंबईहून मागोमाग तिच्याकडे आलं होतं. सहीच्याही खाली बारीक एक ओळ होती, सोमवारी बाबांच्या नजरेतून सुटलेली, की येत्या शनिवारी आपण मुंबईला परत जात आहोत. सात-आठ मैलांवर बसलेल्या बाईनं आमच्या घरात सुतक आणलं होतं आणि आम्ही ते पाळत बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी उस्मानचाचांचा टांगा दारात. बाबा कोट घालून, करू आणि मी नातळाची पोलकी घालून. आईनं फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि मडमेसाठी लोणच्याची एक वाटी. दमेकऱ्याला लोणचं कशाला, असं बाबा म्हणाले, तर आई म्हणाली, "तोंडाला चव आली की माणूस नाही म्हणत नाही." चाचांना सगळी हकिकत कळली तेव्हा त्यांनी लगामच सोडला. "या अल्ला! म्हणजे माझ्या नंबरानं काम झालं! बघा मास्तर, मंगळवारी मी पोरीला हेच सांगितलं, तर ही एकदम चूप! करवंदसुद्धा घेतली नाही. मला वाटलं, नाराज झाली काय माझ्यावर."

मंगळवारी, असं ते म्हणाले, आणि घरात मी बोलले होते गुरुवारी. मी समोर बसलेल्या करूकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत राहिले. बिजलीच्या टापा वाजत राहिल्या, तीन सरळ आणि एक जरा उशिरा.

मडम व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसली होती. मला कुणी जाडजूड बाई अपेक्षित होती, ही उंच, कृश, ऐन मे महिन्यात शाल पांघरलेली, आणि हात एवढे मोठे की मांडीवर ठेवलेले परक्याचे वाटावेत. बाबांनी टोपी काढून सुरुवात केली, पण नाव ऐकताच तिनं हात वर केला. आपण पत्रात लिहिलं आहे, आपला निर्णय झालेला आहे. बाबा मागं सरले. भिडस्त माणूस, मडमेपुढे काय बोलणार? आणि मग मी पुढे झाले. सहाव्या इयत्तेतलं माझं इंग्रजी.

"मॅडम," मी म्हटलं, "धिस नाइन इज वन. धिस एट इज फोर. मिस्टेक इज माय मिस्टेक."

तिनं माझ्याकडे पाहिलं ते, पोलिसाला बोलवावं की डॉक्टरला, अशा चेहऱ्यानं. मी वाकले आणि अंगणातल्या मऊ मातीत बोटानं मराठी एक काढला, शेजारी इंग्रजी एक. मग दोन, तीन, चार, पाच. वर एक ओळ, खाली एक ओळ. आणि एकेक आकड्यावर बोट ठेवत स्वतःचा हात तिच्यापुढे धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मडम खुर्चीतून उठली, पायऱ्या उतरली, मातीकडे पाहत उभी राहिली. मग वळून आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं. बाबांनी टोपी डोक्यावर घातली.

आतून पियानो वाजायला लागला. आमची थोरली कुठे आणि हा कुठे! एकेक सूर धुतल्यासारखा स्वच्छ. मडम कागद पुढे ठेवून करूचा टांगा वाजवत होती, थांबत, आकडे नव्यानं वाचत, पुन्हा मागे जात. मग एकदम तिला सगळं लागलं आणि ती भरधाव सुटली.

"हळू!" करू ओरडली. आम्हाला कुणालाही कळायच्या आत ती चपला काढून आत गेली होती. "इतक्या जोरात नाही हो! घोडी चढावर आहे!"

मडमेनं हात उचलले. "व्हॉट?"

करूनं माझ्याकडे पाहिलं. मी दारातून म्हटलं, "मॅडम, हॉर्स इज गोइंग अप. अँड लेग इज नॉट गुड."

मडम बाकावरून सरकली. करू तिच्या शेजारी बसली, पोलक्याच्या बाह्या वर केल्या आणि वाजवायला लागली. चार दिवस झाकण उघडलं नव्हतं तिनं. आधी बोटं अडखळली, मग टांगा निघाला. चढ आला, चाल जड झाली, तीन टापा सरळ आणि चौथी जरा मागून. बाहेर उस्मानचाचा बिजलीला पाणी दाखवत होते, ते बादली टाकून पायरीशी आले. "ए, ही तर माझी बिजली!" ते बाबांना म्हणाले. "बघा, बघा, डावा पाय! पोरीनं बराब्बर लंगडवलंय!" मडमेला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण चाचांचा हात हवेत घोडीच्या पायासारखा हलताना तिनं पाहिला, आणि ती हसली. चांगली खो खो हसली, खोकला येईपर्यंत.

करूनं सातही तुकडे वाजवले. दुसऱ्यात थांबा आला तेव्हा तिनं सवयीनं मान वर करून बरणीकडे पाहिलं, बरणी नव्हतीच. सगळं झाल्यावर मडमेनं माझा एक कागद उचलला, त्यातल्या एका आकड्यावर नख ठेवलं आणि बाबांना सांगितलं ते बाबांनी घरी येऊन आईला दहा वेळा सांगितलं. ती म्हणाली, इथे अंगठा खालून काढायचा हे ज्या मुलीला आपलं आपण सुचलं तिला मी काय शिकवणार, पण शिकवते. ज्या आकड्यांमुळे मी नाही म्हटलं, त्याच आकड्यांमुळे हो म्हणते. मग तिनं आपला मोठा अंगठा करूपुढे धरला आणि म्हणाली, "नाइन." करूनं आपला अंगठा धरला. "नाइन." येताना लोणच्याची वाटी मडमेकडेच राहिली, आणि पुढे दर उन्हाळ्यात तिच्याकडून रिकामी बरणी यायची.

जूनमध्ये करू गेली. नाशिक रोडच्या फलाटावर आईनं तिला दशम्यांचं गाठोडं दिलं, बाबांनी प्रार्थना केली, मी तिला आखलेल्या कागदांची चळत दिली, पन्नास ताव, पाच-पाच ओळी. मंगळवारचं काही बोलावं असं फार मनात होतं. शब्द ओठापर्यंत आले आणि शिट्टी झाली. करू खिडकीतून म्हणाली, "ताई, आकडे इंग्रजीत लिहायला शीक," आणि गाडी हलली. घरी आले तर घर केवढं मोठं झालेलं. थोरलीवर आईनं शेवया वाळत घातल्या नाहीत, सूप पुन्हा माळ्यावर गेलं. कधीतरी दुपारी मी एक जाड पट्टी दाबायची आणि बरणीचं झाकण थरथरताना ऐकायची.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणतात. करू परदेशी शिकली, मोठी झाली, तिचं लोकांनी पुष्कळ वाजवलं. ते सात तुकडे फार उशिरा छापले गेले. पहिल्या पानावर इंग्रजीत एकच ओळ आहे, "माझ्या नवव्या बोटास." गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली होती, करूच्या सुरुवातीच्या रचनांवर अभ्यास करते, जाडजूड वही, हुशार डोळे. नववं बोट म्हणजे नवरस का, नवविधा भक्ती का, असं विचारत होती. ख्रिस्ती घरातली नवविधा भक्ती! मी तिला चिवडा दिला, चहा दिला, आणि माझी प्रत आणून दाखवली.

माझ्या प्रतीत त्या छापील ओळीच्या खाली करूनं शाईनं लिहिलं आहे, आपल्या त्याच कोंबडीच्या पायांनी. मुलीला ते लागेना, मग मीच वाचून दाखवलं. चष्म्याशिवाय वाचलं, कारण वाचायची गरजच नव्हती.

"ताई, दोन मात्रा उशिरा पडलं, पण बरोबर जागेवर पडलं."